विसाराची पेटी

आईच्या डाव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून पनवेलला आले, तिने पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा तो मला दिसला. अंगठ्याच्या टोकाशी, गुळगुळीत, पिवळट. आई उजव्या हाताची. विळी, लाटणं, शाळेत होती तोवर खडू, सगळं तिने उजव्या हातातच धरलं. डाव्या अंगठ्याला घट्टा पडावा असं कुठलंही काम आमच्या घरात नव्हतं.

मी विचारलं तर म्हणाली, दाराची कडी लागली. कडी लागली तर खोक पडते. पण मी पुढे बोलले नाही. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींशी जपून बोलत होतो, आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तसं.

बाबा माघात गेले होते. चौऱ्याण्णव साल. वर्ष पाळायचं म्हणून दाराला तोरण नव्हतं, गॅलरीत कंदील नव्हता, आणि डब्यात होता तो फराळ शेजाऱ्यांनी आणून दिलेला. समोरच्या बिल्डिंगमधली मुलं सकाळपासून लवंगी माळा लावत होती. मी बॅग ठेवली आणि नेहमीप्रमाणे आपट्याच्या जागेचं विचारलं. कुंपण नीट आहे का, काशीराम फेरी मारतो का, आंबे तगलेत का.

"आहे सगळं," आई म्हणाली आणि गॅसकडे वळली.

बाबा रसायनीच्या एका कारखान्यात होते. तिथून आपटा जवळ. कधीकधी सुट्टी झाल्यावर ते कंपनीची बस सोडून देत, पाताळगंगेच्या काठाने आपट्यापर्यंत चालत येत आणि तिथून एसटी धरत. अशाच एका चालण्यात त्यांना नदीच्या अंगाची ती अकरा गुंठे जागा दिसली आणि त्यांनी ती घेतली. निवृत्तीनंतर तिथे दोन खोल्या बांधायच्या, पुढे पडवी, मागे विहीर. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं गेली, विहिरीचं ठरता ठरता राहिलं आणि मग बाबाच गेले. सातबारावर आईचं आणि माझं नाव लागलं. घरात बाबांचा फोटो होता, पण फोटोसमोर मला काही होत नसे. त्या जागेवर, त्यांनी स्वतः ठोकलेल्या खांबांना हात लावला की होत असे. ती जागा राहायला हवी, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं. दुसरं काही हवं असण्याची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई भाजीला गेली असताना शेजारच्या कुमुदकाकू चकल्यांचा डबा घेऊन आल्या. डबा दिला तरी त्या जाईनात. शेवटी म्हणाल्या, तुझी आई सावरली हो छान. ते त्यांनी ज्या सुरात म्हटलं त्यावरून पुढे काहीतरी येणार हे कळत होतं. दर शुक्रवारी दुपारी एक जीप येते. सफारी घातलेला माणूस, गळ्यात साखळी. तो आला की दार बंद होतं आणि आतून धाडधाड आवाज येतात, तास-दीड तास. बाकीच्या दिवशीही आवाज येतात, पण तेव्हा जीप नसते.

"मला काय करायचंय म्हणा," त्या म्हणाल्या. "पण भिंत एकच आहे ना, अरू. कान कुठे ठेवून येऊ?"

त्या गेल्यावर मी घर पाहिलं. म्हणजे आपल्याच घरात चोरासारखी हिंडले. टीव्ही भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला होता. लावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या, ज्यावर काहीच लागत नाही अशा चॅनेलवर तो ठेवलेला. मागच्या अँटेनाच्या वायरीला एक जादा वायर जोडलेली होती. ती खालच्या कप्प्यात, आईने क्रोशाने विणलेल्या रुमालाखाली जात होती. रुमाल उचलला. राखी रंगाची एक चपटी पेटी, तिला जोडलेले दोन रिमोट, आणि पेटीच्या खाचेत खोचलेली पिवळी कॅसेट. एका रिमोटवर डाव्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखं एक बटण होतं. त्याच्या कडा झिजून पांढऱ्या पडल्या होत्या.

आई भाजीची पिशवी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा रुमाल माझ्या हातातच होता.

"व्हिडिओ गेम आहे," ती म्हणाली. "आनंदाने ठेवलाय."

आनंदा गव्हाणचा. सातवीला आईच्या वर्गात होता. त्याच्या घरची मिठागरं सरकारने घेतली, त्या पैशांवर तो जमिनींच्या धंद्यात शिरला, आणि आता उरण रोडपासून आपट्यापर्यंत लोक त्याला आनंदशेट म्हणतात. हे सगळं आईने भाजी निवडता निवडता सांगितलं. माझ्या मनात फक्त 'आपट्यापर्यंत' राहिलं. त्या दिवसांत मुंबईचे लोक शनिवार-रविवारच्या घरांसाठी नदीकाठच्या जागा शोधत होते. बाबा गेल्याचं कळल्यावर पंधरवड्याच्या आत दलालांचे फोन सुरू झाले होते, त्यातले दोन मीच घेतले होते. आणि आता, मला आत्ताच जाणवलं, मी आल्यापासून एकही फोन आला नव्हता.

"ठेवलाय म्हणजे? तुला दिलाय का?"

"ठेवलाय म्हणजे ठेवलाय."

संध्याकाळी तिने तो माझ्यासमोर खेळून दाखवला. मीच म्हटलं, दाखव. तिने कॅसेट काढली, तिच्या पट्टीवर फुंकर मारली, बोटाने दाबून परत बसवली. पडद्यावर नावांची लांबलचक रांग आली. कॅसेटवर शंभर खेळ असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात दहा-बाराच होते, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. हेही आनंदानेच तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं म्हणे. बाई, शंभर लिवलंय ते खोटं हाय. ही गोष्ट आईला त्याच्या प्रामाणिकपणाची वाटत होती. मला वाटलं, लहान खोटं आपणच आधी दाखवून दिलं की मोठं निभावतं, हे त्याला ठाऊक असणार.

तिचा खेळ रणगाड्यांचा. काळा चौकोनी पट, त्यात विटांच्या भिंती, थोडं पाणी, थोडी झाडी. खाली मधोमध विटांच्या कोंडाळ्यात एक पक्षी. वरून शत्रूचे रणगाडे येत राहतात. आपला एक रणगाडा. पक्षी वाचवायचा, बस. आपली गोळी चुकून लागली तरी पक्षी मरतो. आई पदर खोचून जमिनीवर बसली होती, चष्मा नाकावर घसरलेला, आणि डावा अंगठा त्या बटणावर भराभर फिरत होता. बाहेर मुलांनी फटाक्यांची लड लावली. आत रणगाडे फुटत होते. दुखवट्याच्या घरातले आवाज कुणाला ऐकू जायला नकोत, तरी तिने टीव्ही बारीक केला नाही, फटाक्यांच्या भरवशावर मोठाच ठेवला.

पाहता पाहता मीही रमले हे मान्य करायला हवं. त्या पटावर लपवाछपवी काहीच नव्हती. जे आहे ते डोळ्यांसमोर, आणि तरीही ती दर वेळी वेगळ्या ठिकाणी हरत होती. सुरुवातीला कुठलीही स्टेज निवडता येते, पण ती दर वेळी पहिलीपासून सुरू करायची. मी कारण विचारलं. म्हणाली, मधूनच सुरू केलं तर आपण कसे आलो ते कळत नाही.

शुक्रवारी जीप आली. आनंदाने चपला बाहेर काढल्या, बाबांच्या फोटोला हात जोडले, आईच्या पाया पडला आणि मला ताई म्हणाला. पस्तिशीचा, आडव्या अंगाचा माणूस. सफारीची बटणं सोडून तो आईशेजारी मांडी घालून बसला आणि दुसरा रिमोट घेतला. दोघांनी मिळून तो पक्षी राखायचा. त्याची गोळी आईच्या रणगाड्याला लागली की तिचा रणगाडा क्षणभर जागच्या जागी लुळा पडायचा, आणि मग आई त्याला ओरडायची, सातवीच्या वर्गात ओरडत असेल तशी. तो मान खाली घालून हसायचा.

मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसले होते. एकही ओळ वाचली नाही. तो जागेचं कधी काढतो याची वाट पाहत होते. दीड तासात त्याने जागेचं नाव काढलं नाही. आपट्याचं नाव काढलं नाही. मी मुद्दाम म्हटलं, नदीला अजून पाणी असेल ना, तर तो म्हणाला, असंल ना, आणि घाईने विषय बदलून मुलीच्या परीक्षेवर गेला. जमिनीच्या धंद्यातला माणूस जमिनीबद्दल एक शब्द बोलत नाही, याचाच मला जास्त संशय आला.

शनिवारी मी कॉलेजमधल्या मैत्रिणीकडे जाते असं सांगून आपट्याची एसटी पकडली.

कुंपण शाबूत होतं. आंबे तगले होते, एकाला नवी पालवी होती. खांबाला हात लावून थोडी उभी राहिले, तोवर काशीराम आला. शेजारच्या तुकड्यात त्याची भाजी होती आणि आमच्या जागेवर तो लक्ष ठेवायचा. आज तो नीट माझ्याकडे पाहीना. मी म्हटलं, मागे येत होते ते दलाल येतात का अजून? तो म्हणाला, आता कशाला येतील.

"का?"

"आनंदशेटची झाली ना जागा. विसार पोचला म्हंतात तुमच्या घरी. येकाचा विसार घरात असला म्हंजे दुसरा कसा येईल?" मग माझा चेहरा पाहून तो गडबडला. "तुमाला म्हायती नाय का ताई?"

मी म्हटलं, आहे माहिती. आपल्या आईबद्दल परक्यासमोर दुसरं काय म्हणणार.

परतीच्या एसटीत मी सगळं जुळवून पाहिलं. विसार म्हणजे सौदा पक्का केल्याची आगाऊ रक्कम, आणि तो पोचला म्हणजे आईने हातात काहीतरी घेतलं. माझ्या सहीशिवाय जागा जात नाही हे खरं, पण गावात शब्द फिरला की कागद मागून येतो, असं बाबाच म्हणायचे. आई साठीची, एकटी, तिला शाळेतल्या गणितापलीकडचे व्यवहार बाबांनी कधी करू दिले नव्हते. जुना विद्यार्थी पाया पडतो, खेळ शिकवतो, दर शुक्रवारी येऊन हरतो. यात न समजण्यासारखं काय होतं?

घरी पोचल्यावर मी चपलाही काढल्या नाहीत.

"तू आनंदाकडून पैसे घेतलेस?"

"एक पैसा नाही." ती खरं बोलत होती. ते मला कळतं.

"मग आपट्याला विसार विसार काय म्हणतात?"

 आईची नजर क्षणभर टीव्हीखालच्या रुमालाकडे गेली आणि परत आली. मला तेवढं पुरे होतं. शहरातल्या माणसाला भेट वाटेल अशी वस्तू घरात सारायची, आणि गावात जाऊन सांगायचं की विसार दिला. आणि ही रोज तो विसार हातात घेऊन खेळते आहे, स्वतःच स्वतःवर शिक्का मारते आहे. मी तिला काही म्हटलं नाही. फसलेल्या माणसाला फसलास म्हणून सांगण्यात काय अर्थ.

सोमवारी सकाळी आई बँकेत गेली. मी पेटीच्या वायरी सोडवल्या, रिमोट गुंडाळले, सगळं खांद्याच्या पिशवीत भरलं आणि उरणची एसटी धरून गव्हाणला उतरले.

आनंदाचं घर विचारावं लागलं नाही. जुन्या कौलारू घरांमध्ये गुलाबी टाइल्सचा बंगला एकच होता. त्याच्या बायकोने, वेणूने, मला आत बसवलं आणि न विचारता करंज्यांची ताटली पुढे केली. आनंदा बनियनवर शर्ट चढवत आला. मी पिशवीतून पेटी काढून टीपॉयवर ठेवली आणि म्हटलं, ही तुमची वस्तू, आमच्याकडे राहिली होती.

तो पेटीपासून दोन हात लांब बसला.

"ताई, ही माज्या हातात देऊ नका. ज्यांनी ठेवून घेतली त्यांनी परत द्यायची. बाई आल्या आन् दिली तर मी येक शब्द विचारनार नाय. तुमच्याकडनं घेतली तर त्यांचा शब्द मी मोडल्यासारका होतो."

मी म्हटलं, विसार पैशांचा असतो, खेळण्याचा नसतो, आणि माझ्या आईला फसवून घरात ठेवलेल्या वस्तूला विसार म्हणत नाहीत. 'फसवून' हा शब्द मी जोर देऊन उच्चारला. आत भांड्यांचा आवाज थांबला.

आनंदा चिडला नाही. त्याने सांगितलं ते असं. बाबांचं दिवसकार्य झाल्यावर काही दिवसांनी आईनेच त्याला निरोप धाडला होता. तो पैसे घेऊन गेला. आई म्हणाली, वर्षाच्या आत व्यवहाराचा पैसा घरात घेणार नाही. मग नारळ ठेवा म्हटलं, तर या घरात वर्षभर नारळ नको. वेणूने साडी दिली होती, तीही नको.

"आता बोला, मी काय ठेवू? शब्द झाला म्हंजे घरात कायतरी राह्यला पायजे. नाय तर आमच्यात तो शब्द धरत नाय. जीपमध्ये पोरीचा हा डबा होता, आदल्या दिवशी पनवेलला घेतलेला. बाईंनीच इचारलं, ते काय आहे. सांगितलं. तर म्हनाल्या, हे चालेल. हे शुभ पण नाही, अशुभ पण नाही."

"पोरगी आठ दिवस बोलली नाय बापाशी," वेणू आतून म्हणाली. "दुसरा आनला तवा बोलली."

मी विचारलं, शब्द कसला झाला? त्याने बोटांवर मोजल्यासारखं सांगितलं. वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबायचं. मग बाई मुलीशी बोलणार. मुलगी नाही म्हणाली तर पेटी परत, विषय संपला. आणि तोवर त्याने बाईंच्या घरात जागेचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की शब्द गेला. "तुमी नदीचं काडलंत त्या दिवशी," तो म्हणाला, "घाम फुटला मला."

"मग दर शुक्रवारी येता कशाला?"

त्याने उत्तर द्यायच्या आत वेणू दारात आली. "हरायला जातात. आन् घरी येऊन राग माज्यावर काडतात."

सगळं नीट बसत होतं. जरा जास्तच नीट. इतका सरळ व्यवहार इतक्या वाकड्या वस्तूवर कुणी करतं का, हा प्रश्न मी एसटीत पेटी मांडीवर घेऊन स्वतःला विचारत राहिले. आनंदावर विश्वास ठेवला तर संशय घ्यायला दुसरं माणूस एकच उरत होतं.

आई बंद टीव्हीसमोर खुर्चीत बसली होती. खालचा रुमाल घडी करून मांडीवर.

"घेतली का त्याने?"

"नाही."

"घेणार नाहीच."

मी पेटी खाली ठेवली आणि जमिनीवरच बसले. मी विचारायची वाट तिने पाहिली नाही. रुमालाच्या घडीवरून हात फिरवत म्हणाली, "मला आपट्याला राहायचं नव्हतं, अरू. कधीच नव्हतं. संध्याकाळी सातनंतर तिथे बोलायला माणूस नाही. आयुष्यभर मी चाळीस पोरांच्या गलक्यात राहिले. तिथे जाऊन मी काय करणार होते, नदी बघणार होते?"

"बाबांना सांगितलंस कधी?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विकून टाकली असती त्यांनी. तसेच होते ते. त्या वाटेने चालून यायचे तेव्हा उशीर व्हायचा, बुटांना चिखल असायचा. पण चेहरा बघण्यासारखा असायचा. म्हटलं, असू दे. दर वर्षी वाटायचं, या वर्षी विहीर खोदायला घेतील आणि मग मला बोलावं लागेल. नाही घेतली."

"आणि मला?"

"तुला काय सांगणार? तू घरात पाऊल टाकलंस की पहिल्यांदा त्या जागेचं विचारतेस. मग चहा पितेस. मग माझं."

ती रागाने बोलली नाही. हजेरी घेताना गैरहजर मुलाचं नाव घेतात, तसं बोलली.  मग माझ्या मनात होतं ते मी बोलून टाकलं. मला वाटतंय, म्हटलं, मी सही करावी म्हणून तू हे आत्ता सांगते आहेस.

"असेल," आई म्हणाली. "मग?"

 मी वर्षश्राद्धाला सांगते म्हटलं. तिने मान हलवली, खाली वाकून वायरी जोडल्या आणि कॅसेटला फुंकर मारली.

पुण्याला परतल्यावर तीन महिने मी रोज मनात नाही म्हणत होते. नाही म्हटलं तर काय होईल हेही मला नीट दिसत होतं. आई स्वतः गव्हाणला जाईल, पेटी आनंदाच्या हातात देईल, येऊन स्वयंपाकाला लागेल. मी घरी गेले की म्हणेल, आहे सगळं. काशीरामला निरोप पाठवेल, कुंपण दुरुस्त करून घेईल, आणि माझा चेहरा बघण्यासारखा झाला की तेवढ्यावर समाधान मानेल. बाबांशी ती जे करत आली ते माझ्याशी करत राहील. बाबांना ते कळलं नाही. मला कळलं होतं, आणि कळल्यानंतर त्या खांबाला पूर्वीसारखा हात लावता येणार नव्हता. आनंदा खरा की खोटा, आईने हे आधी ठरवलं की नंतर, हे प्रश्न तसेच राहिले. पण त्यांच्या उत्तरांनी यात फरक पडत नव्हता.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशी गुरुजींचं पान वाढून उरलेली खीर आम्ही खात होतो. मी म्हटलं, जागा देऊन टाक.  आई वाटी विसळून आली आणि म्हणाली, नक्की ना, नंतर मला विचारायचं नाही. मी म्हटलं, विचारणार नाही.

पनवेलच्या रजिस्ट्रार ऑफिसात गर्दी होती. आनंदाने आमच्यासाठी दोन खुर्च्या पैदा केल्या. अंगठ्याचे ठसे घेणाऱ्या माणसाने आईचा डावा अंगठा शाईवर टेकवला आणि म्हणाला, आजी, जोर द्या, उमटत नाहीये. घट्ट्यामुळे उमटत नव्हता. तिसऱ्यांदा उमटला. आनंदा बाहेर आल्यावर म्हणाला की पेटी आता व्यवहारात गेली, ती बाईंचीच. आई म्हणाली, आणि शुक्रवार? तो म्हणाला, शुक्रवार कुठं विकलाय मी.

याला आता चार वर्षं होऊन गेली. माझ्या नवऱ्याने, विश्वजीतने, घरी कॉम्प्युटर घेतला आहे. त्यातल्या खेळांत माणसांना चेहरे असतात, गुहा असतात, रक्त दिसतं. आई पुण्याला आली की तेही खेळून पाहते आणि उठते. तिचं म्हणणं, यात ते आपल्याला गोष्ट सांगत बसतात आणि मधूनमधून बटण दाबायला लावतात. रणगाड्यांत नियम पहिल्या मिनिटाला कळतात, मग पुढे फक्त स्वतःच्या चुका कळत राहतात. पेटीचा अडॅप्टर तिने दोनदा बदलला. रिमोट एकदा. पिवळ्या कॅसेटवरची शंभर नावं तीच आहेत, आणि त्यातला खेळ ती एकच खेळते.

जागा गेल्यानंतर पहिल्यांदा पनवेलला गेले तो दिवस मला आठवतो. चैत्र होता. दार लोटलेलं होतं. आत आले, चपला काढल्या, तोंड उघडलं, आणि बोलायला पहिलं वाक्यच नव्हतं. इतकी वर्षं ते तयार असायचं. मी तशीच दाराशी उभी राहिले. आई जमिनीवर बसलेली, पाठमोरी. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"विचार की काहीतरी," ती म्हणाली.

"कितवी स्टेज?"

"सव्वीस. आता गप्प बस, भिंत फुटते आहे."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. भिंत खरंच फुटली होती, एक रणगाडा डाव्या बाजूने खाली उतरत होता आणि आईचा तिथवर पोचणार नव्हता हे मलाही दिसत होतं. ती तरी निघाली. पक्षी गेला. तिने चष्मा वर सारला, अंगठा पदराला पुसला, आणि पहिलीपासून सुरू केलं.